कागदावरचं एक वाक्य

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. खरं तर हे माझ्या बायकोनं लिहायला हवं होतं, कारण जे सोसलं ते तिनं. पण ती म्हणाली, "मला परत आठवायचं नाय. तुमी लिवा. आणि तुमची चूकपण लिवा."

म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव गव्हाणच्या बाजूला आहे. मी दिवसा कंटेनर यार्डात गेटवर गाड्यांच्या नोंदी करतो आणि पनवेलच्या कॉलेजातून बी.ए. करतो. शेवटच्या वर्षाला असताना आम्हाला मुलगी झाली. दोन महिन्यांची झाली तरी तिचं वजन वाढेना. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायचा, दोन घोट घेतले की ती दमून थांबायची. बायको म्हणायची, "हिला प्यायचं पण काम वाटतं." आम्ही हसायचो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हृदयात छिद्र आहे, मोठं आहे, आणि ऑपरेशन लवकर करावं लागेल. त्यानंतर आम्ही त्या वाक्यावर कधी हसलो नाही.

ऑपरेशन ठरलं तेव्हा ती पाच महिन्यांची होती. आदल्या संध्याकाळी तिला दाखल केलं. सिस्टरनं एक छापील कागद दिला, इंग्रजीतला. घरी आलेला कुठलाही कागद मीच वाचायचा, अशी आमच्याकडे पद्धत पडून गेली आहे. विजेचं बिल असो की सातबारा, आई चष्मासुद्धा शोधत नाही, कागद सरळ माझ्यापुढे धरते. मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की पहाटे चारनंतर तोंडावाटे काहीही देऊ नये. मी वाचलं आणि बायकोला, आईला सांगितलं, "चारनंतर दूध पाजायचं नाही."

पाच महिन्यांचं बाळ दुधाशिवाय घेणार तरी काय, असा माझा विचार. सोपं करून सांगावं एवढाच हेतू होता.

वॉर्डात रात्री फक्त बायका थांबू शकत होत्या. मी खाली बाकावर झोपलो. सकाळी सातला वर गेलो तर सिस्टर बाळाच्या ओठाला लागलेलं काहीतरी पिवळट पुसत होती.

"आजी, हे काय दिलं बाळाला?"

"गुटी," आई म्हणाली. "उपाशी रडत व्हती. सहाला दोन बोटं चाटवली."

आईनं पिशवीत सहाण आणली होती, फडक्यात गुंडाळून. वेखंड, जायफळ, हळकुंड, सगळं बरोबर. माझ्या लेकीला जन्मापासून रोज गुटी मिळायची, मला मिळाली होती तशीच. आमच्याकडे गुटीला कुणी खाणं म्हणत नाही.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, काही द्यायचं नाही?"

"दूध नाय दिला मी. गुटी दिली. गुटीनं काय पोट भरतं काय?"

भूल देणाऱ्या मॅडम आल्या. त्या ओरडल्या नाहीत. पोटात काही असताना भूल दिली आणि उलटी छातीत गेली तर बाळाच्या जिवावर बेतेल, एवढं त्यांनी शांतपणे समजावलं. आजचं ऑपरेशन रद्द. पुढची जागा आठ दिवसांनी. तोपर्यंत सर्दी-खोकला होऊ देऊ नका, झाला तर आणखी पुढे जाईल, आणि तिच्याकडे फार वेळ नाही.

सिस्टर पुन्हा आईकडे बघून म्हणाली, "आजी, असं करतात का?"

आई खाली मान घालून उभी होती. माझ्या खिशात तो कागद होता. तो मी बोटानं आणखी आत ढकलला.

ते आठ दिवस कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. आई ओट्यावर खुर्ची टाकून बसायची. कुणी भेटायला आलं की तिथूनच परत पाठवायची. "बरी हाय. शिंका देतेस तू, जा घरी." सख्ख्या मावशीलाही तिनं उंबरा ओलांडू दिला नाही. पण स्वतः बाळाला हात लावत नव्हती. अंघोळ बायको घालायची आणि आई दारातून सांगायची, "कानात पानी जाईल, डोकं धर." पुढे यायची नाही.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "त्यांना सांगा. नायतर मी सांगते. कागद मी पण वाचला काल, तेवढं इंग्रजी येतं मला."

मी ओट्यावर गेलो. "आई, चूक माझी हाय. कागदात दूध असं नव्हतंच. काहीच देऊ नका असं होतं. मीच दूध म्हणालो."

आई म्हणाली, "मंग त्या नर्सबायच्या समोर तुझी जीभ कुठं गेली व्हती?"

मी नुसता तो कागद तिच्यापुढे धरला.

"तुला शिकवला तो काय ह्याच्यासाठी?" ती उठली. मला वाटलं आता रडेल. पण मोरीकडे गेली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि आत जाऊन बायकोला म्हणाली, "दे मना तिला."

दुसऱ्यांदा दाखल केलं तेव्हा मी तो कागद वरपासून खालपर्यंत, एकेक शब्द मराठीत करून, दोघींना वाचून दाखवला. दोनदा. आई म्हणाली, "अरं बस, आता शिक्का पन वाचतोस काय?" बायको किती दिवसांनी हसली.

या वेळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सकाळी सिस्टर बाळाला घेऊन गेली. बायकोचे हात तसेच वाकलेले राहिले, बाळ धरल्यासारखे. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. छिद्र बंद केलं आहे, ते म्हणाले, पण अजून काही सांगता येणार नाही. श्वास मशीनवर आहे. घशातली नळी काढल्यावर ती स्वतः श्वास घेते का, ते बघायचं.

आठ दिवस पुढे गेल्यामुळे माझा राज्यशास्त्राचा पेपर नेमका दुसऱ्या दिवशी आला. मी जाणार नव्हतो.

"इथं काय करणार?" बायको म्हणाली. "आत एकालाच सोडतात, आणि ती मी हाय. जा तुमी. तिला मोठी झाल्यावर सांगायचं काय, तुझ्यामुळं बाबा नापास झाला?"

मी पनवेलला आलो. मोबाईल बंद करून पिशवीत, पिशवी वर्गाबाहेर. पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही. पुरवणी घेतली होती एवढं आठवतं, आणि माझा पाय हलतो म्हणून पुढच्या मुलानं दोनदा वळून बघितलं.

बाहेर येऊन मोबाईल चालू केला. बायकोच्या नंबरवरून नऊ कॉल येऊन गेले होते. नऊ. मी कॉलेजच्या पायरीवर बसलो. लावायची हिंमत होईना. तेवढ्यात दहावा आला.

आई होती. मागे बरीच गडबड ऐकू येत होती, म्हणून ती ओरडूनच बोलत होती.

"कुठं व्हतास रं? नळी काढली सकाळी. दोन तास झालं, आपलं आपन श्वास घेतंय पोर. तुझी बायको आत हाय तिच्याजवल. ऐकतोस काय? आपलं आपन!"