चिकूच्या खोक्यांवरचं इंग्रजी

माझ्या इंग्रजीला चिकूच्या चिकाचा वास आहे. कोणी हसलं तर हसू दे, पण जेनरस हा शब्द ऐकला की मला आजही नरपडची आमची पडवी आठवते आणि बोटं चिकट झाल्यासारखी वाटतात.

दोन हजार सोळा सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्न होऊन मी नरपडला आले तेव्हा पेटीत साड्यांच्या खाली डी.एड.चं सर्टिफिकेट होतं. ते तिथंच राहिलं. मराठी शाळांची भरती बंद पडलेली, नवरा वापीच्या कारखान्यात, आणि मी सासूबाईंबरोबर पडवीत बसून चिकू निवडायची. एक नंबरचा एकीकडे, दोन नंबरचा दुसरीकडे, तिसरा टोपलीत. चिकूवर माझा राग नव्हता, पण सगळा जन्म याच पडवीत जाणार असं वाटून कधीकधी रडू यायचं. अशात कळलं की तलासरीला इंग्रजी माध्यमाची एक नवी शाळा निघतेय आणि लहान वर्गांना शिकवायला बाई हव्या आहेत. मुलाखत इंग्रजीत होणार होती. माझं शिक्षण पहिलीपासून मराठीत झालेलं, इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची.

डहाणू रोडला स्टेशनाबाहेरच्या दुकानातून मी शब्दांचं एक गाईड आणलं. शब्द, त्याचा अर्थ आणि खाली एक वाक्य, अशी रचना. हातात चिकू असल्यामुळे पुस्तक धरता येत नसे, म्हणून सकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या झाकणांवर स्केचपेनने शब्द लिहून ठेवायचे आणि निवडता निवडता मोठ्याने म्हणायचे. पहिल्याच दिवशी माझा आवाज चांगला लागला. गाईडमधलं वाक्य मी म्हणाले, माझे काका एक श्रीमंत व्यापारी आहेत.

"म्हणजे काय गो?" सासूबाईंनी विचारलं. मी अर्थ सांगितला.

"तुझा काका तर वाणगावच्या बाजारात भाजी घेऊन बसतो."

"आई, ते नुसतं उदाहरण आहे."

"उदाहरण असलं म्हणून खोटं बोलायचं? माझ्या घरात खोटं चालायचं नाय. इंग्रजीत पण नाय."

मला राग लवकर येतो. मी खोकं ढकललं आणि तोंड फुगवून बसले. पण सासूबाई एकदा बोलल्या की बोलल्या. त्या सातवी शिकलेल्या, इंग्रजीचा गंध नाही, आणि तरी त्या दिवसापासून आमच्या पडवीतल्या इंग्रजीचा कायदा त्यांनीच केला. वाक्य करायचं ते आपल्या घरातलं आणि खरं. खरं नसेल तर आधी खरं करायचं, मग म्हणायचं.

यातून फार मजा झाली. एक्झॉस्टेड म्हणजे थकून गेलेली, हा शब्द आला. मी म्हणाले, मी थकले आहे. "सकाळपासून बसून तर हायस," असं म्हणून त्यांनी मला नारळाच्या रोपांना पाणी घालायला पिटाळलं. परत आले तेव्हा ते वाक्य न आठवताच माझ्या तोंडातून आलं. रिलक्टंट म्हणजे नाखूश, याला काही करावं लागलं नाही, पहिल्या पाळीला निघणारा माझा नवरा रोज पहाटे त्याचं उदाहरण होता. जेनरस म्हणजे उदार आला तेव्हा मी लाडीगोडीने म्हणाले, माझ्या सासूबाई उदार आहेत. त्यांनी अर्थ ऐकला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "या आठवड्यात मी कोणाला काय दिलंय?" मग उठून झाडावरून चिकू उतरवणाऱ्या बायकांना एक नंबरची एक टोपली भरून देऊन आल्या. हात पुसत म्हणाल्या, "आता बोल."

एकदा मात्र घोळ झाला. मिडिओकर, म्हणजे मध्यम प्रतीचा, हा शब्द मी ज्या झाकणावर लिहिला होता ते खोकं नवऱ्याने भरून सुरतेला रवाना केलं. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन.

"बेन, आ शुं लख्युं छे? स्वतःच्या मालाला कोणी मिडिओकर लिहितं का?"

माझा चेहरा पडला. सासूबाईंनी फोन माझ्याकडून घेतला. "दोन नंबरचा माल होता ना?" त्यांनी विचारलं. तिकडून हो आलं. "मग बरोबर लिहिलंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर तो व्यापारी दर वेळी हसत विचारायचा, आज खोक्यावर काय लिहिलंय.

असे शब्द भराभर जात होते. अडला एकच. रिकन्साइल, म्हणजे भांडण मिटवून पुन्हा जुळवून घेणे. तो मी मोठ्याने वाचला आणि सासूबाईंच्या हातातला चिकू हातातच राहिला.

कारण असं की, कुंपणापलीकडच्या घरात त्यांची धाकटी जाऊ राहायची. मी त्यांना काकी म्हणते. दोन्ही वाड्यांना मिळून एक विहीर, एक मोटर, आणि पाण्याची पाळी दिवसाआड. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकींच्या पाळीच्या दिवशी मोटर आमच्या वाडीला चालू राहिली, विहीर तळाला गेली आणि काकींची मिरचीची रोपं करपली. मोटर कोणी चालू ठेवली यावरून जे भांडण झालं, त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. पण शेजार म्हटला की निरोप तर असतातच. त्यासाठी दोन्ही घरचं खाणारा एक कुत्रा होता. सासूबाई कुंपणाशी उभ्या राहून त्याला खड्या आवाजात सांगायच्या, "सांग रे तुझ्या मालकिणीला, वीज जाणाराय दुपारी." पलीकडून काकी त्याच कुत्र्याला उत्तर द्यायच्या. कुत्रा बिचारा दोघींकडे बघून शेपूट हलवायचा.

"याचं काय वाक्य करायचं?" मी विचारलं.

"पुढचा शब्द घे," सासूबाई म्हणाल्या.

त्या खोक्याचं झाकण मी फाडून बाजूला ठेवलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशीपर्यंत ते तसंच खिडकीत होतं. मी चिडवायची, "आई, एक शब्द उधार आहे हं." त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या.

मुलाखतीच्या दिवशी मी आकाशी साडी नेसून सकाळी तयार. नवरा स्कूटर घेऊन कामावर गेलेला. सांगून ठेवलेली रिक्षा येईना. फोन केला तर रिक्षावाल्याने डहाणूला दवाखान्याचं भाडं घेतलेलं. तलासरीची एसटी गाठायची तर तेव्हाच निघायला हवं होतं. पेटीतलं सर्टिफिकेट मी आदल्या रात्री पुसून पिशवीत ठेवलं होतं, ते परत पेटीत जाणार असं दिसायला लागलं आणि मी पडवीच्या पायरीवर बसून चक्क रडायला लागले.

काकींच्या अंगणात त्यांचा माल वाहायचा टेम्पो उभा होता. सासूबाईंनी तो बघितला. कुंपणाशी गेल्या. कुत्रा लगेच येऊन उभा राहिला.

"सांग रे तुझ्या..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबल्या. मग कुत्र्याला पायाने हलकेच बाजूला सारलं आणि फाटक उघडून सरळ आत गेल्या. काकी ओट्यावर चहा पीत होत्या. मी इकडून सगळं ऐकत होते.

"टेम्पो पायजे. पोरीची मुलाखत हाय तलासरीला," सासूबाई म्हणाल्या. मग सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "आणि त्या दिवशी मोटर माझ्याच हातून चालू राहिली. डोळा लागला माझा. तुझी मिरची माझ्यामुळे गेली."

"हे मला तेव्हाच माहीत होतं," काकी म्हणाल्या. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." आणि आत वळून काकांना हाक मारली, "अहो, चहा ठेवा खाली, चावी घ्या!"

टेम्पोत रिकामे क्रेट खडखडत होते. काकांनी वाटेत कुठे ब्रेक दाबला असेल असं वाटत नाही. शाळेच्या फाटकाशी उतरले तेव्हा माझ्या साडीला ऑइलचा डाग होता.

मुख्याध्यापक बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्या घरच्यांविषयी सांगा. गाईडमधलं उत्तर मला तोंडपाठ होतं, मी एका सुसंस्कृत आणि प्रतिष्ठित घराण्यातली आहे वगैरे. तोंड उघडलं आणि जीभच वळेना. इतके दिवस खोटं वाक्य म्हटलंच नव्हतं. मग मी इंग्रजीत जे सुचलं ते सांगितलं. माझ्या सासूबाई आणि त्यांची जाऊ वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. आमचा कुत्रा निरोप्या होता. आज सकाळी मला उशीर झाला म्हणून त्या दोघी रिकन्साइल झाल्या. इथे येताना मी चिकूच्या टेम्पोतून आले.

बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. मग त्यांनी मी इंग्रजी कुठे शिकले ते विचारलं, आणि मी खोक्यांचं, सुरतेच्या व्यापाऱ्याचं, सगळं सांगितलं. चुका झाल्या असतील, पुष्कळ झाल्या असतील, पण घसा कोरडा पडला नाही.

घरी आले तर दोघी आमच्या पडवीत चिकू निवडत बसलेल्या. कुत्रा मधोमध, गोंधळलेला.

"काय झालं?"

"कळवतो म्हणाले."

"आणि विचारलं काय?" मी सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आमचं भांडण सांगितलंस परक्या माणसांना?"

"मिटलेलं भांडण सांगितलं. खरं वाक्य हवं होतं ना तुम्हाला?"

काकी इतक्या हसल्या की त्यांच्या मांडीवरचे चिकू गडगडले.

त्यानंतरच्या आठवड्यात मोटरीच्या वेळेवरून दोघींची पुन्हा जुंपली. काकींचा आवाज चढला, सासूबाईंचा त्याहून चढला, आणि मग सासूबाईच मध्ये थांबल्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "हिचा फोन यायचाय अजून. तोवर वाक्य खोटं पडायला नको." काकींनाही ते पटलं.

फोन आला. नोकरी मला लागली. मी पडवीत नाचलेच, दोघींना साखर भरवली आणि चिडवायला म्हणाले, "झालं माझं काम. आता भांडायला मोकळ्या तुम्ही."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"आता कसल्या मोकळ्या?" सासूबाई म्हणाल्या. "आता तू ते वाक्य वर्गभर पोरांना शिकवणार. आता तर जन्मभर खरं ठेवायला लागणार."