खोट्या आईचा आवाज

रूपालीच्या आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि लेकीला विचारलं, "ही पहिली बोलती ती खोटी आई व्हय गं?"

काचेआड, रेकॉर्डिंगच्या खोलीत बसलेल्या मलाही ते स्वच्छ ऐकू आलं. बाहेरचं बोलणं आत पोचवणारा टॉकबॅक माईक चालू राहिला होता. मी मान खाली घातली. कारण पहिली होती ती खरी आई, आणि तिला आवाज दिला होता मी.

धाराशिवच्या एका लहानशा स्टुडिओत मी आवाज देते. प्रचाराच्या रिक्षा, साड्यांचे सेल, बारशाच्या निमंत्रणाच्या क्लिपा, हे रोजचं काम. अधूनमधून एखादं ऑडिओबुक येतं. त्यात सगळी पात्रं एकटीनेच करायची असतात. राजाही मीच आणि त्याचा घोडाही मीच.

रूपाली उमरग्याजवळच्या खेड्यातली, कॉलेजात शिकणारी. घरी शेरडं-मेंढरं. तिने तिच्यापेक्षा थोड्या लहान मुलांसाठी कादंबरी लिहिली होती. नीजपूर नावाच्या गावाची. तिथे फक्त झोपेतून जाता येतं. झाडांना लोकर येते, नदी चढाला वाहते. मनू नावाची मुलगी हरवलेल्या आईला शोधत तिथे पोचते. पण नीजपूरचा राजा प्रत्येक माणसाची एक नक्कल करून ठेवतो. शेवटी गावाच्या वेशीवर, मिट्ट काळोखात, दोन आया तिला हाका मारतात. खरीचा हात धरला तर मायलेकी जाग्या होणार. खोटीचा धरला तर मनू कायमची झोपेत. ओळखायचं ते फक्त आवाजावरून.

खरी म्हणते, "ऊठ की गं. तांबडं फुटलंय, शेरडं वरडायलीत." खोटी म्हणते, "ऊठ ना बाळा. पहाट झाली आहे, शेळ्या ओरडत आहेत." मनू पहिलीकडे धावते. तिच्या आईने जन्मात कधी 'पहाट झाली आहे' म्हटलेलं नसतं. अख्खी कादंबरी या दोन वाक्यांवर उभी होती.

आणि मी काय केलं? खऱ्या आईला नाकातून, हेल काढत, मोठमोठ्याने बोलायला लावलं. मालिकेतली मोलकरीण किंवा जाहिरातीतला गावकरी आला की आमच्या धंद्यात असाच आवाज काढतात. त्याला आम्ही 'गावरान टोन' म्हणतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मालक सतीशसर खळखळून हसले होते आणि मला धन्य वाटलं होतं. सर हसले की टेक ओके.

मी स्वतः जळकोटची, रूपालीच्याच भागातली. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

सतीशसर सावरून घ्यायला लागले. "अहो मावशी, ऐकणाऱ्याला जरा मजा नको का?"

"मजा हाय की," मावशी म्हणाल्या. गोष्ट लेकीने त्यांना तोंडी सांगितलेली होती. "पर मनूनं हिचा हात कशाला धरावा? सोंग काढायलीया ही. पोरगी जलमभर झोपलेलीच ऱ्हाईल की."

मग रूपाली बोलली. "सर, हे ऑडिओबुक मला न्हाय काढायचं. पुस्तक छापलंय तेवढं बास." जरा थांबून ती म्हणाली, "वर्गात मी बोलले की पोरी असाच आवाज काढायच्या. म्हणून तर नक्कल करणारा राजा लिहिला."

हे ती सरांना सांगत होती. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. धरणी दुभंगावी असं म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

"मी रीटेक देते," मी म्हटलं. रीटेक म्हणजे तेच वाक्य पुन्हा. दिला. नाकातला हेल काढून टाकला तर बातम्या वाचल्यासारखं ऐकू येऊ लागलं. बातम्या घालवल्या तर परत सोंग.

"मॅडम, तुम्ही तिकडच्याच ना?" सर वैतागले. "मग अडतंय कुठे?"

"घसा बसलाय," मी म्हटलं. घसा ठणठणीत होता. पुण्याला शिकायला गेले तेव्हा 'हाय' आणि 'न्हाय' मी एकेक करून तोंडातून हाकलले होते. त्याचा मोठा तोरा होता मला. आता बोलावून ते थोडेच येणार होते?

शेवटी बाहेर येऊन मावशींनाच विचारलं, "रूपालीला तुम्ही कसं उठवता?"

"कसं म्हंजे? पांघरूण वढते!" त्या हसल्या. मग लेकीच्या कानाशी वाकून त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. हेल नाही, आरडाओरडा नाही. झोपलेल्या माणसाला दचकवू नये इतकाच आवाज. खेड्यातलं माणूस हळूही बोलतं हे मी, जळकोटची पोर, साफ विसरले होते.

आत जाऊन मी ते वाक्य हळू म्हटलं. बाकी काहीच केलं नाही. मावशींनी डोळे मिटून ऐकलं.

"आई न्हाय वाटत," त्या म्हणाल्या. "शेजारीण वाटती. पर हात धराया हरकत न्हाय."

रूपालीने होकारार्थी मान डोलावली. ऑडिओबुक एकदाचं मार्गी लागलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे. ज्या टेकला सर हसतात, तो आधी पुन्हा ऐकायचा.

खोट्या आईच्या वाक्याला मात्र रीटेक लागलाच नाही. ते पहिल्या फटक्यात ओके होतं. त्यासाठी मी आवाज काढलाच नव्हता. मी रोज बोलते तशीच बोलले होते.

त्या दिवशी घरी जाताना जळकोटला आईला फोन लावला.

"बोल बाळा. मी बरी आहे," आई म्हणाली. "तुझं जेवण झालं आहे का?"

मी रस्त्यातच थांबले. शेजारणीशी बोलताना आई 'हाय' म्हणते, 'जेवलीस का गं' म्हणते. माझ्याशी 'आहे'. लग्नानंतर सासरच्या माणसांसमोर मीच तिचे शब्द सुधारले होते. मी ते विसरून गेले. तिने पाठ करून ठेवलं.

मावशींच्या आवाजात, हळू, मी म्हटलं, "आई, मी हाय गं. काय करायलीस?"

पलीकडून आईने जपून, एकेक शब्द नीट लावत विचारलं, "कोण बोलत आहे? माझ्या मुलीला फोन द्या ना."