कुसाबाईला दिसलेली जीभ

द्वारका चौकाजवळच्या त्या दवाखान्यात कुसाबाईच्या तोंडाला सगळे वचकून असत. ती वऱ्हांड्यात आली की कंपाउंडर विडी विझवायचा. पगार आयाचा, पण बाई बहात्तर सालची, दवाखाना निघाला त्या दिवसापासूनची. डॉक्टर तेव्हा नवे होते; सुई टोचताना त्यांचा हात थरथरायचा, तेव्हा रोग्याचा दंड घट्ट धरून ठेवणारी हीच. असली बाई एकदा, एकदाच, गप्प बसली. त्याचा राग तिला जन्मभर पुरला.

तिची एक रीत होती. धापा टाकत कुणी आलं की ही कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी. "जीभ काढ." गोऱ्या माणसाला श्वास पुरेनासा झाला की त्याचे ओठ निळे पडलेले कुणालाही दिसतात. काळ्या कातडीवर ते कळत नाही, तिथं जिभेकडे बघायचं, खालचा ओठ उलटून आत बघायचं. हे तिला पुस्तकानं नव्हतं शिकवलं. ती स्वतः तव्यासारखी काळी, सगळं गोत तसंच, आणि वस्तीत दम्याची माणसं काय कमी होती? जीभ निळसर दिसली की ती ओरडायची, "साहेब, नळी लावा!" आणि डॉक्टर ऑक्सिजन लावायचे. सोळा वर्षं हे असंच चाललं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली मुंबईहून मशीन आलं. बोटाला चिमटा लावायचा, रक्तात ऑक्सिजन किती त्याचा आकडा काचेवर लाल अक्षरात उमटायचा. डॉक्टरांनी स्वतःच्या बोटाला लावून बराच वेळ श्वास रोखला, आकडा उतरायला लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सिस्टरनं लावलं, कंपाउंडरनं लावलं. कुसाबाईनंही हात पुढे केला, तर मशीन घेऊन आलेला माणूस हसून म्हणाला, "मावशी, आधी हात धुऊन या, फिनेल लागेल." ती हात धुऊन आली तोवर खोकं बंद! त्या दिवशी एकही काळं बोट त्या चिमट्यात गेलं नाही. हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

नियम झाला. सिलिंडर दोनच, आकडा नव्वदच्या खाली गेला तरच ऑक्सिजन.

दिवाळीनंतर पेठकडच्या पाड्यावरचा बुधा आला, छाती भरलेली, सोबत बायको भागीबाई. काळाकभिन्न गडी. मशीननं चौऱ्याण्णव दाखवले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर गोळ्या लिहून म्हणाले, जा घरी. कुसाबाईनं त्याला जीभ काढायला लावली, ती निळसर दिसली.

"साहेब, ह्याची जीभ..."

"कुसाबाई, जीभ बघायचे दिवस गेले आता. मशीन आलंय ना?" डॉक्टर हसले, सिस्टर हसली, रोगीसुद्धा हसले. आणि ही बया, जिला कुणाची भीड नाही, ती लाजली हो! बादली उचलून निघून गेली.

बुधा त्याच दिवशी पेठच्या एस्टीत बसला. पाड्यापर्यंतसुद्धा पोचला नाही, वाटेतच मेला.

आठवड्यानं भागीबाई आली, बरोबर दीर. "मी त्याला ष्ट्यांडवर ताक पाजलं, सायेब. सासू म्हनते, त्यानंच छाती दाटली. दवाखान्यानं त चांगला म्हनून सोडलेला. आता पोरगी ठेवून घेतात नि मला माहेरी धाडतात. तुमी सांगा, ताकानं मानूस मरतं का?"

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. पण म्हणाला काय, तर, "बाई, इथून निघाला तेव्हा चौऱ्याण्णव होता. पुढं काय झालं ते मी कसं सांगू?"

"ऐकलंस?" दीर म्हणाला. संपलं. त्या आकड्यानं भागीबाईला खुनी ठरवलं. कोपऱ्यात उभ्या कुसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपणही गप्प बसलो होतो, हेच तिला आतून खात होतं.

तिसऱ्या दिवशी घोटीच्या भातगिरणीतला हमाल आला, नाथा. तोही काळा, तसाच धापा टाकत. मशीन म्हणालं त्र्याण्णव. कुसाबाईनं जीभ पाहिली. पिकल्या जांभळासारखी!

"नळी लावा, साहेब."

"त्र्याण्णव आहे, कुसाबाई. मशीन खोटं बोलत नाही."

आता मात्र तिचं डोकं सटकलं. हातातला खराटा तिनं फरशीवर आपटला. "नसंल बोलत खोटं! पण त्याला आमची कातडी कुणी दाखवलीय? तुमच्या गोऱ्या बोटांवर शिकलंय ते. ह्याच्या मनगटाच्या नाडीतलं रक्त काढा. लालभडक निघालं तर आजच्या आज मला हाकला. मी चालती व्हईन!"

डॉक्टरही चिडले. दाखवतोच हिला, म्हणून त्यांनी नाथाच्या मनगटात सुई घातली. तिथलं रक्त धडधाकट माणसाचं लालभडक येतं, हे कुसाबाईनं सोळा वर्षं पाहिलेलं. पिचकारीत चढलं ते काळपट, गढूळ. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते स्वतः सिलिंडर ओढत आले.

दुपारपर्यंत नाथाची जीभ गुलाबी झाली, तो चहा मागायला लागला. डॉक्टर म्हणाले, "कुसाबाई, माणूस वाचवलात." त्यांनी लगेच भिंतीवर कागद लावला, आकडा काहीही असो, जीभ बघितल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही.

"कागद ठीक हाय. बुधाचं काय?"

"झालं ते झालं. आता उकरून दवाखान्याचं नाव खराब..."

"नाव?" कुसाबाई कडाडली. "तिकडं एका बाईची पोरगी हातची चाललीय, आन् तुम्हाला नावाची पडलीय? उद्याच्या पेठ गाडीच्या कंडक्टरकडं मी निरोप देते. तिला आन् तिच्या दिराला बोलावते. तुमच्या तोंडानं सांगायचं."

भागीबाई आली, दीर आला. डॉक्टर घसा साफ करत म्हणाले, "त्याचं असं आहे, यंत्राच्या काही मर्यादा असतात..."

"साहेब, नीट सांगा," कुसाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "ताकानं काही झालं नाही, बाई. त्याला ऑक्सिजन द्यायला हवा होता. मशीननं काळ्या कातडीवर चुकीचा आकडा दाखवला, आणि मी तो खरा मानला. चूक आमची."

"पोरगी तुझीच हाय, वहिनी," एवढं कसंबसं म्हणून दीर बाहेर गेला. भागीबाई रडली नाही. ती कुसाबाईकडे वळली. त्या दिवशी खाटेपाशी हीच बाई उभी होती, हे ती विसरली नव्हती.

"मावशी, तू त्याला जीभ काढाया लावलेली. तुला दिसलं व्हतं का?"

साऱ्या दवाखान्याला धाकात ठेवणाऱ्या त्या बाईचा आवाज पार खाली गेला.

"दिसलं व्हतं," कुसाबाई म्हणाली.