आत्याचा धवला, न तोडता

माझ्या आत्याने माझी वेबसाईट पहिल्याच दिवशी झोपवली.

आणि वर मलाच विचारते, "म्हंजे लय मानसा आली का गो?"

आज हिराआत्याला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून डोळ्यांत पाणी येतंय, पण ही पोस्ट रडायला नाही लिहीत. एक भन्नाट गोष्ट सांगायचीय. शेवटपर्यंत वाचा, प्लीज.

आत्या म्हणजे कोपरीची धवलारीण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवला गातात. तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिचा धवला संपत नाही तोवर विधी संपत नाही, मग भटजींना कितीही घाई असू दे.

आत्याला सगळं तोंडपाठ. गुडघे गेले तसं लग्नांना जाणं बंद झालं, आणि शिकायला कोणी येईना. आमच्या पिढीला डीजे हवा!

"माज्यामागारी सगला संपला बग," एकदा बोलली. भाजी निवडता निवडता, अगदी सहज.

मला ते इतकं लागलं ना, की त्याच आठवड्यात वेबसाईट काढली. सगळ्यात स्वस्त होस्टिंग, जागा जेमतेम. शब्द टाकले, फोटो टाकले. दिसायला मस्त. पण धवला वाचून येतो का कोणाला? आवाज कुठे ओढायचा, कुठल्या ओळीला हळदीचा हात पुढे न्यायचा, ते बघावंच लागतं.

व्हिडिओ पाहिजे. पाहिजेच!

मोबाईलवर हळदीचा अख्खा धवला शूट केला आणि फाईल जशीच्या तशी साईटवर चढवली. वर माझा अतिशहाणपणा, पान उघडलं की व्हिडिओ आपोआप सुरू. लिंक टाकली खानदानाच्या ग्रुपवर. कल्याण, डोंबिवली, भिवंडी, जिथे जिथे आमच्या मुली दिल्यात तिथे सगळीकडे गेली.

दुपारपर्यंत साईटचा महिन्याचा डेटा खल्लास. साईट बंद. पांढरं पान आणि इंग्रजीत एक ओळ.

मी रडकुंडीला आलेले. आणि आत्या? खूश!

"मांडवात जागा नाय रायली. आजून काय पायजे?"

मग व्हिडिओ एका फुकटवाल्या साईटवर टाकला आणि तिथून आमच्या पानावर जोडला. आत्याला दाखवायला बसले. धवल्यात नवरीला हळद लागायला लागली आणि मधेच साबणाची जाहिरात.

आत्याने मोबाईल पालथा घातला.

"हलद लागतेय, न् मदी ह्यो साबन कोन लावतंय मेला?"

हसून हसून माझं पोट दुखलं. ती मात्र फुल सीरियस.

"बरं, मग तुकडे करूया," मी बोलले. "छोटे छोटे व्हिडिओ. साईटलाही झेपतील."

"धवला मदी तोरायचा नाय. नवरीला लागतं."

"अगं आत्या, हे लग्न थोडीच आहे?"

"मी गायला बसली का लगीनच."

संपला विषय!

आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. शेवटी ऑफिसातला एक मित्र बोलला, चित्रात जेवढं कमी हलतं तेवढी फाईल लहान होते. अरे! माझ्या व्हिडिओत तर मागे पडदा उडत होता, कॅलेंडर फडफडत होतं, मांजर फेऱ्या मारत होती.

सगळं बाजूला केलं. आत्याला कोऱ्या भिंतीपुढे बसवलं, मोबाईल स्टुलावर टेकवला, खिडकी लावली, पंखा बंद. भर मे महिना. बिचारी घामाने निथळत होती, पण लुगडं सारखं करून ताठ बसली. हलत होते ते तिचे हात फक्त.

साईझ बारीक केली, फाईल परत आमच्याच साईटवर चढवली. आपोआप सुरू होणं काढलं. पुढे तिचा फोटो लावला, तो दाबला तरच व्हिडिओ चालणार.

आणि चालला ना रे बाबा! न अडकता! अख्खा!

कल्याणहून चुलत बहिणीचा व्हिडिओ कॉल, मागे तिची सासू टाळ्या वाजवतेय. मी वर्तकनगरच्या घरात एकटीच नाचतेय. आत्याला फोन केला, "चालला गं!"

"मंग? सांगतलेला ना तुना," जसं काय होस्टिंग तिनेच घेतलेलं.

त्या उन्हाळ्यात तिने येत होते तेवढे सगळे धवले गायले. मी चढवत गेले.

पण दर फोनला एकच प्रश्न. "कोनी शिकला का गो?"

"बघतायत खूप जणं," मी सांगायचे.

"बगून काय व्हतंय," ती बोलायची. आणि गेली तेव्हा कोणीच शिकलेलं नव्हतं.

आता ऐका.

मागच्या आठवड्यात कल्याणजवळच्या एका गावात हळदीला गेलेले. ओळख जेमतेम. एकदम डीजे थांबला. तिशीतली एक बाई पाटावर बसली आणि धवला सुरू केला.

आत्याचा! तीच ओढ, तसाच हात पुढे!

आणि मध्यावर ती थांबली. अगदी सुरात बोलली, "पानी दे गो पोरी."

दोघी तांब्या घेऊन धावल्या. ती घोटभर प्यायली, ओठ पुसले आणि पुढची ओळ उचलली.

अरे देवा! ते धवल्यात नाहीच्चे! शूटिंगच्या दिवशी आत्याचा घसा सुकलेला, तिने मला पाणी मागितलेलं. कापायला तिची परवानगी नव्हती, म्हणून व्हिडिओत तसंच राहिलं.

नंतर तिला गाठून विचारलं, "ते मधे पाण्याचं काय हो?"

"तो मान असतो ताई," मला समजावत बोलली. "मधे धवलारणीला पाणी द्यायचंच. त्याशिवाय पुढे जायचं नसतं."

मी तिच्या पाया पडले फक्त. ती बावचळलीच.

आत्या, शिकली गं एक.

नमस्कार करते तुला. आता निवांत राहा.