मोटर काढलेलं स्टीअरिंग

उल्हासनगरच्या त्या मिस्त्रीची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं. माणूस हुशार होता, हाच तर वैताग! मिक्सर, पंखे, शिलाई मशीनच्या मोटरी, काहीही न्या, त्याच्या दुकानातून चालू होऊनच बाहेर पडायचं. म्हणून तर मी मोठ्या विश्वासाने बाबांचं स्टीअरिंग घेऊन बदलापूरहून त्याच्याकडे गेले.

स्टीअरिंग म्हणजे कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचं, सोबत पायाखाली ठेवायची पेडलं. माझ्या कॉल सेंटरमधल्या एकाने विकायला काढलं तेव्हा मीच ते घेतलं होतं. बाबांनी अंबरनाथच्या एका कंपनीची स्टाफ बस सत्तावीस वर्षं चालवली. मग काचबिंदू निघाला, लायसन्स गेलं, आणि जन्मभर रस्त्यावर असलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहायला लागला. "थोडं अंधुक दिसतं, बाकी काही नाही," म्हणायचे, आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की भांडायचे. मी म्हटलं, निदान खेळण्यातली तरी गाडी चालवू दे.

पहिल्या दिवशी त्यांनी नाक मुरडलं. मग हात लावला आणि सोडेचनात. त्या स्टीअरिंगच्या आत मोटर होती. वळणावर ते हाताला उलटं ओढायचं, रस्त्याची कड लागली की थरथरायचं. "अगं, रस्ता लागतोय हाताला!" बाबा म्हणाले. माझी शिफ्ट संध्याकाळची, त्यामुळे रोज दुपारी जेवणं झाली की मी गेम लावून द्यायचे आणि यांची ड्यूटी सुरू. आईच्या झोपेपायी स्पीकर बंद. ट्रॅक रोज तोच, दुसरा लावू का विचारलं तर, "रूट बदलायचा नाही." आणि शर्यतीची गाडी हे बसच्या स्पीडने चालवणार! मी जाम चिडवायचे, "बाबा, स्टॉप आला, पॅसेंजर घ्या." ते हसायचे. पण गाडी कधी रस्त्याखाली उतरायची नाही.

लोडशेडिंगनंतर लाइट आली की ते स्टीअरिंग आपोआप डावीकडे-उजवीकडे गरागरा फिरून मधोमध थांबायचं. ती त्याची पद्धतच होती, तरी आई प्रत्येक वेळी दचकायची. एक दिवस फिरताना आतून खर्रर्र आवाज यायला लागला. म्हणून मिस्त्री.

त्याला मी एवढंच सांगितलं होतं, "आवाज आता है, बाकी सब ठीक है." चार दिवसांनी गेले तर स्वारी भलतीच खूश. "दीदी, इसमें तो बड़ा लोचा था. अपने आप घूमता था, ऊपर से भारी. मैंने मोटरच निकाल दी. अब देखो, मक्खन!" आणि एका बोटाने स्टीअरिंग गर्रकन फिरवून दाखवलं. मी कपाळावर हात मारला. येणारा प्रत्येक जण त्याला काही ना काही हलकं करून दे म्हणणारा, आणि मी बाई जड हवं म्हणून भांडतेय! तो वेड्याकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. रागाच्या भरात मी मोटर तिथेच टाकली आणि तो रिकामा डबा घेऊन घरी आले.

बाबांना काही बोलले नाही. म्हटलं, पडदा समोर आहे, बघून चालवतील. मजा थोडी कमी येईल, एवढंच.

दुपारी बाबा बसले. स्टीअरिंग थोडं हलवलं, पुन्हा हलवलं. "जॅकवर चढवलीय का गं गाडी? चाकं टेकलेली नाहीत." तरी निघाले. पहिलंच वळण आलं आणि गाडी सरळ गवतात, गवतातून भिंतीवर. मी हसायच्या बेतात होते. बाबा मात्र ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून तसेच समोर बघत होते, अगदी शांत. पडद्यावर नुसती भिंत होती.

"रस्त्यावरच आहे ना मी?" त्यांनी विचारलं.

मी पडद्यावरून त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. आणि मग अशी चिडले! "बाबा, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"उजेड कळतो."

"मी काय विचारतेय? कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि सांगितलं नाहीत? आम्ही काय मेलो होतो?"

त्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत. "सांगितलं असतं, तर चालवू दिलं असतंस?"

मला रडू आलं आणि रागही आला, नक्की कुणाचा ते कळेना. आईला उठवलं, डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं, आणि चपला घालून मोटर परत मागायला उल्हासनगरला निघाले.