सर्वपित्रीचा हार

झेंडूच्या एका सुकलेल्या हारावरून उघडकीला आलेला तो गुन्हा निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पितृपक्ष लागला की बाजारात फुलं स्वस्त होतात, आणि मला कापडी पिशवी घेऊन ठाण्यात आलेली ती बाई आठवते.

माझी शाळा लवकर सुटली. गाव राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, तळ्यांच्या मुलखात. पुण्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत फौजदार झालो. या खात्यानं आणि या शहरानं मला पोटाला दिलं, हे मी विसरलेलो नाही. लिहिण्याची सवय पंचनाम्यांपुरतीच, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. नावं कोणाचीच देत नाही. मेलेल्याची आई अजून आहे.

नवरात्राचे दिवस होते. गणपतीच्या बंदोबस्तातून ठाणं नुकतं सावरलं होतं. सकाळची हजेरी झाली आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे पांढऱ्या लुगड्यातली, साठीच्या पुढची एक बाई उभी राहिली. तिचं म्हणणं असं, की मुलगा कात्रजला खोली करून राहतो, हिंजवडीला कंपनीत जातो. महिनाभर त्याचा आवाज ऐकला नाही. फोन लावला की कट होतो आणि मागून लेखी निरोप येतो. शेजारची मुलगी वाचून दाखवते. बंगळूरला बदली झाली, मीटिंगमध्ये आहे, इथे आवाज नीट येत नाही, असं काहीबाही.

अंमलदारानं विचारलं, "निरोप येतात ना? मग हरवला कसा?"

बाईनं पिशवीतून हार काढून टेबलावर ठेवला. गावातल्या फुलवाल्यानं अमावस्येला हा घरी आणून दिला म्हणाली. सोबत चिठ्ठी होती. मुलाच्या नावानं आलाय, पण मुलानं पाठवलेला नाही.

अंमलदार पक्का पुणेकर. त्यानं हाराकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. "आजी, मुलगा फुलं पाठवतो अशी तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच. आमच्याकडे रोज याच्या उलट तक्रारी येतात."

दोघे-तिघे हसले. बाई हसली नाही की रागावली नाही. "माह्या पोरानं नाही पाठवला जी हा हार," एवढंच पुन्हा म्हणाली.

तो 'जी' माझ्या कानावर पडला आणि मी हातातलं काम ठेवलं. गावाकडे माझी आई असंच बोलायची. मी बाईला आतल्या बाकावर बसवलं, चहा मागवला आणि सगळं पहिल्यापासून विचारलं.

नवरा दहाएक वर्षांपूर्वी वारलेला, मुलगा एकुलता एक. पुण्याला आल्यापासून तो दर पौर्णिमेला गावातल्या फुलवाल्याला फोनवरून सांगायचा. फुलवाला तळ्यातली कमळं आणि पांढरी शेवंती सायकलवरून घरी पोचती करायचा. ती फुलं ठेवून बाई बुद्धवंदना घ्यायची आणि संध्याकाळी मुलाला फोनवर सांगायची, कमळं कशी उमलली होती ते. इतक्या वर्षांत एक पौर्णिमा चुकली नव्हती. भाद्रपदातलीही चुकली नाही. आणि पंधरा दिवसांनी, कधी नाही तो, अमावस्येला हा हार आला. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'बाबांसाठी. सर्वपित्री अमावस्या.'

"आमी पितर नाही जेवू घालत जी," बाई म्हणाली. "त्याचा बाप ज्या तारखेले गेला, त्या तारखेले वंदना होते. बस. माह्या पोराले हे सांगाव लागते का?"

मी हार आणि चिठ्ठी घेऊन पोलीस निरीक्षकांकडे गेलो. साहेब कडक होते, पण ऐकून घ्यायचे. नुसत्या हारावरून काय ठरतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "साहेब, बाईचं बरोबर आहे. आमच्याकडे हे करत नाहीत."

ठाण्यात इतकी वर्षं काढली, पण 'आमच्याकडे' हा शब्द मी जपून वापरायचो. कोण कसं घेईल याची धास्ती असायची. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मिसिंग दाखल करून घ्या. तपास तुमच्याकडे." या दोन वाक्यांसाठी मी त्यांचा आजही ऋणी आहे.

पुढचं काम नेहमीचं. कंपनीत चौकशी केली, तर मुलाच्या राजीनाम्याचा ईमेल गणपतीतच आलेला. समक्ष कोणी भेटलं नव्हतं. मोबाईलचे तपशील मागवले. निरोपांत बंगळूर होतं, पण फोन एकदाही पुण्याबाहेर गेला नव्हता. तो कात्रजच्याच टॉवरवर होता.

बाईच्या गावच्या फुलवाल्याशी मी स्वतः बोललो. तो म्हणाला, अमावस्येचा निरोप आला तेव्हा त्यालाही नवल वाटलं होतं. तुमच्यात हे करतात का, असं त्यानं विचारलं. यंदापासून करतोय, असं उत्तर आलं. गिऱ्हाइकाला जास्त काय विचारायचं, म्हणून त्यानं हार ओवून दिला.

कात्रजच्या खोलीत मुलाबरोबर आणखी एक जण राहायचा. त्याच कंपनीतला, तीन वर्षांचा सोबती, पश्चिमेकडच्या जिल्ह्यातला. त्याला जबाबासाठी बोलावलं. नीटनेटका, नम्र मुलगा. दर वाक्याला साहेब म्हणायचा. गणपती बसले त्याच आठवड्यात मित्र सामान घेऊन बंगळूरला गेला, तेव्हापासून बोलणं नाही की निरोप नाही, असं त्यानं सांगितलं. मी ते तसंच लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्यानं सही केली.

माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्याला गुन्ह्याबद्दल विचारलं तर तो तयारीत असतो. चांगुलपणाबद्दल विचारलं की सैल सुटतो. मित्राची आई बाहेर बसली आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं, हाराचं तर नावही काढलं नव्हतं. चहा त्याच्यापुढे सरकवून मी गप्पा मारल्यासारखं म्हणालो, "मुलगा आईचं फार करायचा म्हणे."

"फार, साहेब. दर पौर्णिमेला फुलं पाठवायचा."

"आणि वडिलांचं?"

"त्यांचंही करतो. आता सर्वपित्रीला हार पाठवला की."

मी सही केलेला जबाब पुन्हा पुढे ओढला. कोपऱ्यात साहेब कागद चाळत बसले होते, ते थांबले. हार आला ते ठाण्याबाहेर फक्त आईला, फुलवाल्याला आणि पाठवणाऱ्याला माहीत होतं. आणि यानं तर आत्ताच सही करून दिली होती, की गणपतीपासून मित्राचा निरोप नाही.

साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.   मग म्हणाला, "नाही पाठवला तर आईला संशय येईल असं वाटलं. बापाचं सगळेच करतात की, साहेब."

आवाज न चढवता पुढचं सगळं बाहेर आलं. त्याची बहीण लोणी काळभोरला कॉलेजात शिकत होती. सुट्टीला भावाच्या खोलीवर यायची. तिचं आणि मित्राचं जुळलं. ज्या दिवसांत आम्ही सगळे गणपतीच्या बंदोबस्तात गुंतलो होतो, त्यातल्या एका संध्याकाळी दोघे मित्र मोटारसायकलवरून कात्रजच्या जुन्या घाटात गेले. तिथे बाईच्या मुलानं त्याला सांगितलं, की तुझ्या घरी बोलायच्या आधी तुला विचारतोय, तू आमच्या बाजूनं उभा राहशील ना. यानं दगड उचलला. मग मित्राला दरीत लोटलं, त्याचा फोन खिशात घातला आणि विसर्जनाची गर्दी चुकवत खोलीवर आला.

त्याच फोनवरून बहिणीला निरोप गेला, 'मला विसर.' तिनं तो खरा मानला. एकाच फोननं त्यानं दोन बायकांना गप्प बसवलं होतं. भाद्रपद पौर्णिमेला जुने निरोप बघून, होती तशीच फुलं मागवली. तिथवर सगळं बिनचूक होतं.

साहेब बाहेर व्हरांड्यात येऊन उभे राहिले. "तीन वर्षं खोलीत चालला," म्हणाले, "घरात नाही चालला."  पहिल्या दिवशी हसलेला अंमलदारही खाली बघत होता.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून पुढचं काम घाईचं आणि काटेकोर असतं. पंच बोलावले. खोलीतल्या तांदळाच्या डब्यात फोन सापडला. घाटातली जागा त्यानंच दाखवली. पावसाळा सरत आला होता, गवत कमरेएवढं वाढलेलं. दोर लावून माणसं उतरली. जे हाती लागलं त्यावरून ओळख पटण्यासारखी नव्हती. डीएनएसाठी आईचं रक्त घ्यावं लागणार होतं.

ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी दोनदा व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. शेवटी तिच्या शेजारी बाकावर बसलो आणि आपल्या भागातल्या बोलीत सांगितलं. इथे आल्यापासून ती बोली मी कामात कधी वापरली नव्हती. ती रडली नाही. बाही वर करून हात पुढे केला आणि म्हणाली, "किती पायजे तेवढं घ्या."

खटल्यात फुलवाल्याची साक्ष झाली, आणि आरोपीच्या बहिणीचीही. घरच्यांनी दबाव आणला असणार, पण ती आली आणि सरळ बोलली. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या बाकावर ती त्या आईपासून अंतर ठेवून बसली होती. आईनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मुलगी जवळ सरकली. आरोपीला जन्मठेप झाली.

लोक विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. गुन्हेगार त्याला माहीत नसलेल्या गोष्टीत सापडेल असं आपण धरून चालतो. हा सापडला तो 'सगळेच करतात' या समजुतीत. तीन वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या घरी काय करतात, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. पण आमचा अंमलदार तरी काय वेगळं म्हणाला होता? फुलं येतात म्हणजे मुलगा बरा आहे. खूण पोचली की माणूस पोचला, असं आपण सगळेच मानतो. तेव्हापासून हरवलेल्या माणसाचा निरोप कोणी दाखवला, की मी पहिला प्रश्न विचारायचो, आवाज कोणी ऐकला?

अस्थी घ्यायला ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हा मी तिला रेल्वे स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. तिनं विचारलं, "साहेब, भादव्याच्या पुनवेची कमळं कोणाची होती?"

खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. मुलाची शेवटची फुलं श्रावणातली होती.

"चांगली होती जी," ती म्हणाली. "टवटवीत होती. मी ती ठेवली आन् पोराचं मंगल होवो म्हटलं."

 काहीतरी करायला हवं म्हणून मी बोलून गेलो, की बाई, पुढच्या पौर्णिमेपासून फुलं मी पाठवत जाईन. फुलवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे.

तिनं अस्थींची पिशवी नीट धरली.

"नको जी. आता दारात फूल आलं, तर पाठवणारा जिता आहे का, हेच मी आधी विचारीन. तळं घराजवळच आहे. मी जाईन आन् आणीन."

गाडी लागली. मी तिला डब्यात जागा करून दिली आणि फलाटावर उभा राहिलो. ती खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाली, तुमची माय आहे का गावाले? मी आहे म्हणालो.

"मंग फोन लावा," ती म्हणाली. "लिहून नका पाठवू."

गाडी सुटायच्या आत मी तिथेच उभं राहून फोन लावला.