प्रज्ञाच्या देशातलं मतदान

प्रज्ञाच्या आईचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी दादरला ऑफिसात होते. “प्रज्ञा गेली गं…” एवढंच त्या बोलल्या. परळच्या रुग्णालयात पोचले आणि लिफ्टसमोर उभी असताना मोबाइलवर दुसरी बातमी येऊन थडकली : ‘नीलबेटात राष्ट्रीय दुखवटा. आजचं मतदान बेमुदत स्थगित.’ रडू यायच्या आधी मला संताप आला. तो अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

नीलबेट हा देश नकाशात सापडायचा नाही. हौशी लोकांनी इंटरनेटवर मांडलेला तो खेळ. झेंडा, संसद, मंत्री, न्यायालय सगळं लुटुपुटूचं, भांडणं तेवढी अस्सल. प्रज्ञा विमा कंपनीत नोकरीला, राहायला डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. तिनेच मला त्यात ओढलं. “गिरगावात बसून राजकारणावर नुसती तोंडाची वाफ दवडतेस. इथे ये, कायदा करून दाखव,” म्हणाली. आत गेल्यावर कळलं, कायदा करणं इतकं सोपं नव्हतं. देशाचा संस्थापक अनिकेत तहहयात राष्ट्राध्यक्ष होता, आणि संसदेने कितीही घसा फोडला तरी त्याच्या एका ‘नाही’पुढे ठराव खलास. तसा माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा. ‘तो अधिकार मी वापरतो कुठे?’ असं विचारायचा. प्रज्ञाचं उत्तर तयार असे : ‘वापरत नाहीस ना? मग ठेवतोस कशाला रे?’

तिचा प्रस्ताव अगदी साधा. त्यांच्या मजल्यावर चाळ समितीचं अध्यक्षपद खोल्यांच्या क्रमाने फिरायचं. पाळी आली की इच्छा असो-नसो, वर्षभर सांभाळायचं आणि शेजारच्या दाराला द्यायचं. देशातही तसंच व्हावं, एवढंच तिचं म्हणणं. त्यावर एका मंत्र्याने लिहिलं, ‘देश म्हणजे चाळ नव्हे.’ प्रज्ञाने उलट लिहिलं, ‘बरोबर. चाळीत अख्खा मजला एका नळावर नांदलाय. तुमच्या देशात अजून नळच नाही.’ मी हसून बेजार. ती मात्र पेटली होती. “आमच्या आजोबांना गिरणीत पाण्याचं भांडं वेगळं होतं, माहितेय? कोणी जन्मभर वर बसणार म्हटलं ना, की माझं डोकंच फिरतं. खेळात पण.”

अनिकेतने ठरावावर ‘नाही’ लिहिलं. मग तिने असहकार पुकारला : कोणीही मंत्रिपद घ्यायचं नाही. मूत्रपिंडं साथ सोडत होती, आणि ही डायलिसिसच्या खाटेवरून एका हाताने टाइप करत एकेकाला पटवत होती. बिनमंत्र्यांचा देश हाकून अखेर अनिकेत टेकीला आला. मतदान घ्या, हा ठराव मी अडवणार नाही, असं त्याने जाहीर केलं. आणि नेमकी त्या मतदानाच्या सकाळी ती गेली…

प्रज्ञाच्या खोलीवर पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तिच्यामागच्या वंदनेचा आणि जेवणाचा कार्यक्रम होता, त्याला अनिकेत आला. पडद्यावर राज्य करणारा हा माणूस शीवला राहतो, हे तेव्हा कळलं. फोटोला फुलं वाहून तो काकूंना म्हणाला, “प्रज्ञाला आम्ही कायमची राष्ट्रमाता जाहीर करतोय. मतदान मात्र सध्या नको. तिच्या आदराखातर.”

माझा तोल सुटला. “कायमची? तहहयात या शब्दाशी जिने उभा दावा मांडला, तिलाच? तिला मखरात बसवून स्वतःची खुर्ची वाचवतोयस तू. आदर असेल तर आत्ता, इथं, मतदान सुरू कर.” त्याने आशेने काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला. “आदल्या दिवशीसुद्धा विचारत होती, उद्या मत टाकायला उठून बसता येईल ना म्हणून. कर बाबा सुरू.”

त्याने मोबाइल काढला. दुखवटा उठला. ताटं मांडून होईपर्यंत मतं येत राहिली, आणि ठराव भरघोस मतांनी मंजूर झाला. मी तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडले. अनिकेतने मोबाइल खिशात ठेवला. मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळला.

“तिथं नको,” काकू म्हणाल्या. “प्रज्ञा तिथं बसून लिहायची.”

तो गोंधळला. “मग मी कुठे बसू?”

“पंगतीत. जागा होईल तिथं.”